सव्वीस टाचण्या

माझे सासरे चौतीस वर्षं सरकारच्या आकडेवारी कचेरीत होते. साहेब वगैरे नव्हते, तक्ते तपासायचे. कुणीतरी कुठेतरी मोजलेली माणसं, घरं, कोंबड्या त्यांच्या टेबलावर आकडे होऊन यायच्या आणि ते आधी वरून खाली, मग खालून वर बेरीज करून त्यातल्या चुका शोधायचे. चुका शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असं ते स्वतःच सांगतात. स्वतः मात्र त्यांनी जन्मात एक कोंबडी मोजली नव्हती.

निवृत्त झाले आणि दिवसभर घरात बसले. मीही दिवसभर घरातच असते. लोकांचे कपडे सैल करणं, तंग करणं, चेन बदलणं अशी कामं घेते. सासूबाई आधीच गेलेल्या आणि नवरा फिरतीच्या नोकरीवर. म्हणजे दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि एक रिकामा माणूस. त्यांनी माझ्या कुकरच्या शिट्ट्यांची सरासरी काढली. मी फोनवर किती वेळ बोलते ते कॅलेंडरवर मांडलं. एकदा तर मी शिवताना किती वेळा उसवते त्याचं शेकडा प्रमाण मला ऐकवलं. त्या दिवशी मी कात्री खाली ठेवली आणि मनात म्हटलं, या माणसाला काहीतरी काम मिळू दे, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल.

काम मिळालं ते चोरांमुळे. समोरच्या इमारतीत भरदुपारी घर फुटलं आणि जो तो म्हणू लागला की चोऱ्या फार वाढल्यात. सासऱ्यांना हे वाक्य सहन होईना. फार म्हणजे किती, आणि वाढल्या म्हणजे कशाच्या मानाने, असं ते जिन्यात लोकांना अडवून विचारायचे. गेल्या वर्षी चार झाल्या आणि यंदा पाच झाल्या तर वाढल्या खऱ्या, पण मधल्या काळात घरं दुप्पट झाली असतील तर दर उलट उतरला, हे ते भाजीची पिशवी हातात असलेल्या बायकांना समजावून सांगत. बायका पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि हो हो म्हणत. आमच्या वसाहतीत चाळीस इमारती आहेत. दर हजार घरांमागे चोऱ्या किती, हे आपण काढायचंच, असं त्यांनी ठरवलं.

आधी ते पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने विचारलं, तुमचं काय चोरीला गेलंय? हे म्हणाले, काही नाही, मला फक्त आकडा हवाय. हवालदाराने त्यांना घरी जाऊन आराम करायला सांगितलं. मग त्यांनी स्वतः प्रश्नावली तयार केली आणि दारोदार निघाले. पहिल्याच दारात त्यांनी साखळीआडच्या बाईला विचारलं की घरात मौल्यवान वस्तू किती, त्या कुठे ठेवता आणि दुपारी घरी कोण असतं. बाईने रखवालदाराला हाक मारली. रखवालदार त्यांना दंडाला धरून फाटकापर्यंत घेऊन आला, आणि ही गोष्ट जेवायच्या आत चाळीसही इमारतींत पोचली. बाकीच्या दारांत कुणी धड बोललं नाही. चोरी झाली म्हणून सांगितलं तर घराची किंमत उतरते, हे ज्याला त्याला कळतं. तिसऱ्या दिवशी गुडघे सुजले आणि सर्वेक्षण संपलं.

आता इस्त्रीवाल्या बाईंचं सांगते.

आमच्या जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. चौदा वर्षं. टेबलावर जुनी चादर चार पदरी घातलेली, झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली, आणि एक जड इस्त्री, जिची वायर त्यांनी तीनदा बदलली होती. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या आणि शेवटी पाठ. त्यांचा हा क्रम कधी चुकला नाही. गाठोडी ओळखायला त्या प्रत्येक घराच्या कपड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधायच्या. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं. अकरा इमारतींतले कपडे त्या स्वतः नेऊन इस्त्री करून पोचवायच्या, कारण एका माणसाच्या पाठीला तेवढंच झेपतं. आणि जिन्यावरून वर जाणाऱ्या प्रत्येकाला, इस्त्रीवरची नजर न काढता, त्या विचारायच्या, "कुणाकडे?" मला याचा राग यायचा. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांची झडती ही कोण घेणार? शिवाय त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याच्या मुलाखतीच्या शर्टाची कॉलर नखाएवढी जाळली होती, तेही माझ्या डोक्यात होतं. पण खरं सांगायचं तर राग जागेचा होता. जिन्याखाली उजेड छान यायचा. माझं मशीन झोपायच्या खोलीत पलंगाला टेकून होतं, आणि येताजाता त्या टेबलाकडे माझं लक्ष जायचंच.

बाई दर गुरुवारी आमचं गाठोडं घेऊन शेवटी वर यायच्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसून चहा घ्यायच्या आणि बोलायच्या. नऊ नंबरमध्ये दुसऱ्या मजल्यावर गॅलरीतून सायकल नेली. चौदा नंबरमध्ये म्हाताऱ्या आजींच्या कानातलं काढून नेलं, घरच्यांनी कुणाला सांगितलं नाही. तीन नंबरमध्ये कुलूप फुटलं पण काही गेलं नाही. ज्या घरात कपडे जातात त्या घरातलं सगळं बाईला कळतं, कारण इस्त्रीवालीसमोर कुणी आवाज खाली करत नाही. सासरे पेपर तोंडासमोर धरून ऐकायचे. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी पेपर खाली ठेवला. तिसऱ्या गुरुवारी वही घेऊन बसले, आणि तारीख, वेळ, मजला, कडी की कुलूप असे प्रश्न विचारू लागले. बाईंना मौज वाटायची. जन्मात पहिल्यांदा त्यांचं बोलणं कुणी लिहून घेत होतं.

जुन्या कॅलेंडरांची पानं पाठीमागून जोडून सासऱ्यांनी वसाहतीचा नकाशा काढला, चाळीसही इमारतींचा, मापात. तो जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लागला. माझ्या शिवणाच्या डब्यातल्या लाल डोक्याच्या टाचण्या त्यांनी विचारल्याशिवाय घेतल्या. एक चोरी, एक टाचणी. सात महिन्यांत सव्वीस टाचण्या लागल्या. सोबत तक्ता होता. त्यात माहिती कुठून मिळाली हे लिहायचा एक रकाना होता, आणि तिथे त्यांनी सव्वीस वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, प्रत्यक्ष पाहणी.

मी म्हटलं, "बाबा, हे तर बाईंनी सांगितलंय."

ते म्हणाले, "मग काय लिहू? इस्त्री?"

ते माझ्या कुकरकडे लक्ष देत नव्हते, एवढं मला पुरेसं होतं.

नकाशाची बातमी रहिवासी मंडळापर्यंत गेली. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. रोग्याच्या तोंडात दोन्ही हात घालून प्रश्न विचारायची सवय असल्यामुळे त्यांना उत्तराची वाट बघता येत नाही. त्यांच्या घरातून नुकताच लॅपटॉप गेला होता. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आमच्या घरी येऊन नकाशा पाहिला, चहा घेतला, आणि डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या की टाचण्या सगळीकडे नाहीत, ठरावीक इमारतींतच आहेत. सासरे उठून उभे राहिले. खरंच होतं. सव्वीसच्या सव्वीस टाचण्या अकरा इमारतींत होत्या आणि उरलेल्या एकोणतीस इमारती कोऱ्या होत्या. या अकरांत समान काय आहे ते शोधून रविवारच्या सभेत सांगा, असं डॉक्टर म्हणाले.

ते चार दिवस मी माझ्या सासऱ्यांना तरुण पाहिलं. दूधवाला कुठे जातो, पेपरवाला कुठे जातो, गॅसवाला, कचरेवाला, केबलवाला, सगळ्यांचे रकाने आखले. गुडघ्यांना तेल लावून ते चाळीस फाटकांवर जाऊन रखवालदारांना विचारून आले. शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा रकाना भरला आणि त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. सव्वीसपैकी सव्वीस. असा तंतोतंत मेळ चौतीस वर्षांत एकदाही बसला नाही, असं ते मला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. आनंदाने.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी फारशी शिकलेली नाही, पण त्या नकाशावरची प्रत्येक टाचणी आमच्या उंबऱ्यावरच्या स्टुलावरून आली होती, हे मला माहीत होतं. चहा मीच करत होते. ती चोऱ्यांची मांडणी नव्हतीच, बाईंच्या फेरीची होती. हे सांगायला दोन वाक्यं लागली असती. मी ताटं घेतली.

रविवारी सकाळी सभा झाली. सासऱ्यांनी नकाशा टांगला, काठीने इमारती दाखवल्या, दर समजावून सांगितला, आणि शेवटी बाईंचं नाव न घेता म्हणाले, "आकडे इस्त्रीकडे बोट दाखवतात." त्यांनी म्हणे तेवढंच सांगायचं ठरवलं होतं, कारण आकडे माणसांवर आरोप करत नाहीत. सभेने तो आरोप दहा मिनिटांत पुरा केला. बाई सगळ्या घरांत जातात, कोण कधी बाहेर असतं हे त्यांना कळतं, येणाऱ्या जाणाऱ्यावर नजर ठेवून असतात. "कुणाकडे?" या एका शब्दाचाही पुरावा झाला. दुपारी दोघा रखवालदारांनी टेबल उचलून फाटकाबाहेर ठेवलं. टेबलाचा एक पाय जिन्याच्या कठड्यात अडकून मोडला. इस्त्री अजून गरम होती, म्हणून ती टॉवेलात गुंडाळून दिली.

संध्याकाळी बाई वर आल्या. पोलीस त्यांच्या खोलीवर जाऊन आले होते आणि पेटीतले कपडे जमिनीवर टाकून गेले होते. त्यांना राग आला होता असं दिसलं नाही. काहीतरी गैरसमज झालाय आणि तो मिटवणारा माणूस समोर बसलाय, अशा भरवशाने त्या बोलल्या.

"काका, एवढंच करा. त्यांना सांगा की चोऱ्या तुम्हाला मी सांगत होते. ज्या घरात मी जात नाही तिथलं मला कसं कळणार? आणि मला नाही कळलं, तर तुम्हाला कुठून कळणार?"

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाचा चेहरा मी उतरताना पाहिला. आधी कान लाल झाले, मग ओठ पांढरे पडले. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, प्रत्यक्ष पाहणी या सव्वीस ओळींकडे पाहिलं. सगळं समजलं त्यांना. शेवटच्या टाचणीपर्यंत समजलं.

"मला तपासून बघावं लागेल," ते म्हणाले.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर होतात इथे." मी म्हटलं, मला त्या आकड्यांतलं काही कळत नाही. चहाचं मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात नकाशावर एकही टाचणी लागली नाही. कशी लागणार? गुरुवारी कुणी येतच नव्हतं. चोर येत होते की नाही ते चोरांना ठाऊक. डॉक्टरांनी मात्र सभेत टाळ्या वाजवल्या. महिन्याला पावणेचार चोऱ्यांवरून एकदम शून्य, आणि बदललं काय तर एक बाई. याहून मोठा पुरावा कोणता? सासरे मान डोलावत बसले. वसाहतीच्या मुख्य फाटकावर निळा पत्रा लागला: या वसाहतीत एकही चोरी न होता इतके महिने. आकडा टांगायला दोन खिळे ठोकले होते, आणि दर एक तारखेला आकडा बदलायचा मान माझ्या सासऱ्यांना मिळाला. लोक त्यांना आता टाचणीकाका म्हणू लागले, आदराने. आणि कुटुंबाने केलेल्या सेवेबद्दल जिन्याखालची जागा मंडळाने मला दिली. मशीन खाली नेताना मला थोडं वाईट वाटलं असं लिहिलं तर बरं दिसेल. उजेड फार छान होता.

पाचव्या महिन्यात शेजारच्या वसाहतीने सासऱ्यांना त्यांची पद्धत समजावून सांगायला बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तो मीच कसाबसा केला होता. मी खाली मशीनवर एका पडद्याची लांबलचक शिवण घालत होते. हातात अवजारांची पिशवी असलेला एक माणूस जिन्यापाशी आला. माझं स्टूल वाटेत होतं. मी मान वर न करता स्टूल बाजूला घेतलं आणि तो वर गेला. अर्ध्या तासाने तो खाली आला तेव्हाही मी स्टूल बाजूला घेतलं. कुणाकडे, हे मला विचारायला सुचलं नाही.

सासूबाईंच्या चार बांगड्या गेल्या, माझी साखळी गेली, नवऱ्याचा कॅमेरा गेला, आणि कचेरीने निरोपाला दिलेलं सासऱ्यांचं घड्याळ गेलं. सासरे परत आले, तुटलेलं कुलूप पाहिलं, आणि आत येऊन माझ्या डब्यातली एक लाल टाचणी घेतली. आमच्या इमारतीवर टोचली. मला वाटलं, आता हा माणूस सुटला. आता इमारतीत कुणी इस्त्रीवाली नाही, तरी चोरी झाली. आता सांगेल.

एवढ्यात डॉक्टर आले. त्यांना पत्र्यावरच्या आकड्याची काळजी होती, पण तासाभरातच त्यांनी मार्ग काढला होता. "चावीचा ठसा तिने तेव्हाच घेऊन ठेवला असणार. राग तुमच्यावरच आहे ना तिचा! मी चौकीत फोन करतो, या वेळी तिला नुसतं विचारून सोडणार नाहीत."

कुलूप फोडलेलं होतं. चावीचा संबंध नव्हता. हे डॉक्टरांना दिसत होतं, मला दिसत होतं. सासरे नकाशापाशी उभे होते. खरं बोलायचं तर तीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं: मला माहिती तीच देत होती. पण त्या वाक्याबरोबर चौतीस वर्षं, काठी, सभा, शेजारच्या वसाहतीतल्या टाळ्या, सगळं खाली आलं असतं. खरं सांगितलं तर ते जाणार, आणि गप्प राहिले तर बाई जाणार.

त्यांनी तिसरीच वाट काढली. नखाने टाचणी उपटली.

"चोरी नाही झाली," ते म्हणाले. "कुलूप मीच फोडलं. चावी विसरलो होतो. वस्तू मी कुठेतरी ठेवल्यात, आठवत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी साखळी गेली होती. माझ्या पैशांची, माझ्या शिवणाची साखळी. मी म्हटलं, "वय झालंय त्यांचं." डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून वसाहतीत हळहळ सुरू झाली की टाचणीकाका विसरायला लागले.

चार दिवसांनी ते म्हणाले, मला बाईंकडे घेऊन चल. त्या एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखात्यात लागल्या होत्या. तिथे इस्त्री नव्हती. गरम रुळांतून चादरी निघायच्या आणि दोन बायका दोन टोकं धरून त्यांच्या घड्या घालायच्या, दिवसभर. बाईंच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या. सासऱ्यांनी त्या आवाजात वाकून सगळं सांगितलं. टाचणी लावली, डॉक्टर आले, फोन करणार होते, टाचणी काढली. बाईंनी घडी पुरी केली.

"काय काय गेलं?" त्यांनी विचारलं. जुनी सवय.

सासऱ्यांनी एकेक वस्तू सांगितली. बांगड्यांपाशी बाई हळहळल्या. त्या बांगड्या त्यांनी सासूबाईंच्या हातात पाहिल्या होत्या.

मग सासरे म्हणाले, "मी सभेत सांगतो. सगळं सांगतो आता. तुमची जागा तुम्हाला परत मिळेल." म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र जिन्याखालच्या उजेडाचा विचार करत होते, हेही लिहून टाकते.

"काही सांगू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तरी पोलीस माझ्याकडेच येणार. इथल्या लोकांना यातलं काही ठाऊक नाही. कळलं तर इथूनही काढतील." त्यांनी पुढच्या चादरीचं टोक धरलं. "सरका काका, गाडी येतेय."

ओल्या चादरींची गाडी आली. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि ती गेल्यावर बाहेर पडलो. वाटेत ते एकदाच बोलले. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाले.

सभेत त्यांनी काही सांगितलं नाही. बाईंनीच नको म्हटलं होतं, हे कारण त्यांना आता जन्मभर पुरेल. नकाशा अजून भिंतीवर आहे. त्यावर सव्वीस टाचण्या आहेत आणि आमच्या इमारतीवर एक भोक आहे. दर एक तारखेला सकाळी ते फाटकावर जातात, जुना आकडा काढतात, नवा टांगतात, आणि येणारे जाणारे थांबून नमस्कार करतात. परवा एकोणीस लागले. त्यांचे गुडघे आता फारच वाईट झालेत, त्यामुळे वर चढले की ते डगमगतात. स्टूल मी धरते.